पाय टेकायला जागा

हे वाचताना घाई करू नका. जमलं तर चपला काढून ठेवा आणि तळवे जिथे असतील तिथे, फरशीवर, मातीवर किंवा गाडीच्या डब्यात, नीट टेकू द्या. टाच टेकते, तळव्याची बाहेरची कड टेकते, बोटांमागचा उंचवटा टेकतो, बोटं टेकतात. आतली कमान अधांतरीच राहते. एवढ्याशा जागेवर माणूस जन्मभर उभा असतो. लक्ष आधी उजव्या पायाकडे न्या, मग डाव्याकडे. कुठला जास्त जड आहे? दोन्ही सारखेच वाटले तर तसं. कुठे दुखत असेल तर तिथे जरा थांबा. दुखण्याला काही विचारू नका.

आता मनानं वाटेला लागू. वाट यवतमाळहून माहूरची. मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की दत्तजयंतीसाठी यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद अशा सगळ्या अंगांनी माणसं माहूरकडे पायी निघतात. कुणी दिंडीबरोबर, कुणी चौघे मित्र मिळून, कुणी नवस फेडायला एकटंच. यवतमाळहून माहूर सुमारे 75 किलोमीटर. एसटीनं दोनेक तासांत माणूस गडाच्या पायथ्याशी. पायी निघालेला मात्र आर्णीला थांबतो, कारण आर्णी निम्म्याच्या थोडी पुढे आहे आणि तोवर पाय बोलायला लागलेले असतात. बहुतेक जण तिथे रात्र काढून पहाटे पुढची वाट धरतात. आपण तिथे एक अख्खा दिवस काढणार आहोत. मला सांगायचंय ते त्या दिवसाबद्दल. पण थेट आर्णीत जाऊन बसलो तर तो दिवस कळायचा नाही, म्हणून आधी चालू.

पहाट आहे. यवतमाळ उंचावर वसलेलं, त्यामुळे डिसेंबरची थंडी इथे चांगलीच बोचते. कानांवरून दुपट्टा घट्ट बांधा. पहिले दोन-तीन किलोमीटर पाय आखडलेले असतात. त्यांना रागावू नका, ते आपोआप मोकळे होतात. रस्ता आता चौपदरी झालाय. गाड्यांची सोय झाली आणि चालणाऱ्याची सावली गेली. त्याच्या वाट्याला डांबराच्या कडेची पांढरी रेघ आणि तिच्या पलीकडची मुरमाची पट्टी उरलीये. त्या पट्टीवरून चाला. मालमोटार गेली की तिचा वारा अंगाला ढकलून जातो. क्षणभर तोल सांभाळावा लागतो, मग पुन्हा आपलं पाऊल आणि आपला श्वास.

दोन्ही अंगांना कापूस. ऊन वर आलं की वेचणीच्या बाया शेतात दिसू लागतात, कमरेला ओटी बांधलेल्या, ओळीनं पुढे सरकणाऱ्या. एकीकडे नीट बघा. तिचा डावा हात झाडाची फांदी धरून ठेवतो आणि उजव्या हाताची बोटं फुटलेल्या बोंडात शिरून सगळा कापूस एका ओढीत बाहेर काढतात. बोंडाची वाळलेली टोकं टोचरी असतात. वेचणारीच्या बोटांच्या पेरांवर बारीक ओरखडे असतात. तीसुद्धा दिवसभर चालतेच आहे. तिच्या चालण्याला माहूर नाही, तास आहे आणि धुरा आहे. तिच्याकडे बघून झालं की पुढे चला. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकलाय, तोही बघत चला.

पावलं मोजू नका. मन मोजणारच, ते मोजू द्या. हिवरी आली की ते विचारेल, आता किती राहिलं? किलोमीटरच्या प्रत्येक दगडाशी ते वजाबाकी करेल. मोबाईल काढून बघेल. वजाबाकी करता करता पुढच्या गावात जाऊन पोचेल आणि पाय इथेच राहतील. मन पुढे गेलंय असं लक्षात आलं की त्याला हाक मारा आणि पुन्हा पायांपाशी आणा. दिवसभरात असं कितीदा करावं लागेल याला हिशेब नाही. चालण्यातला अभ्यास तेवढाच आहे.

दुपारनंतर अभ्यासही सुटतो. डांबर तापतं, टाच जळजळायला लागते, आणि ज्या देवाच्या नावानं निघालो तोही आठवेनासा होतो. मनात एकच गोष्ट उरते: कुठेतरी बसायचंय. एवढी साधी इच्छा एरवी आपल्याला होत नाही. घरात बसायला जागा कायमच असते, म्हणून बसण्याची ओढ कधी लागत नाही. ती आता लागलीये. ती नीट अनुभवा. तिच्यात लाजण्यासारखं काही नाही.

आर्णी येते तेव्हा दिवे लागलेले असतात. अरुणावतीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. बसस्थानक, त्याच्यासमोर चहाच्या टपऱ्या, कृषी केंद्राच्या पाट्या, कापूस भरलेल्या गाड्या. मोठं शहर नाही. पण दिवसभर मुरमावरून चाललेल्या डोळ्यांना एवढा उजेडही खूप होतो. दिंडीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं एका घराच्या सपरीत जागा मिळते. सतरंजी अंथरलेली आहे. भिंतीशी पाठ टेकते.

घरातली म्हातारी बाहेर येते. "कुठून निघाले भाऊ?"

"यवतमाळहून, मावशी."

ती पायांकडे बघते. "पाय पाहा बरं कसे झाले ते. उठू नका, मी पानी आणतो." वऱ्हाडातल्या बाया 'आणतो', 'जातो' म्हणतात, तशीच ती म्हणते आणि आत जाते.

गंजात तापवलेलं पाणी ती घमेल्यात ओतते, मूठभर मीठ टाकते, हातानं ढवळून बघते आणि घमेलं पायांशी सरकवते. पाय आत जातात. आधी चटका, मग आग, मग हळूहळू दोन्ही नाहीसे. टाचेला रुपयाएवढा फोड आलाय. फोड म्हणजे कातडीचे वरचे थर घासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. हे पाणी शरीरानंच पाठवलेलं असतं, खालच्या कोवळ्या कातडीला आधार म्हणून. वरची कातडी ओढून काढायची नसते. तिच्याएवढी चांगली पट्टी औषधाच्या दुकानात मिळत नाही. फोड फार तणतणत असेल तर सुई तापवून काठाला टोचतात, पाणी जाऊ देतात आणि कातडी होती तशी बसवतात. टाच कोरडी करून फडकं बांधतात. हे सगळं मावशीला कुणी शिकवायला नको. तिच्या सपरीत अशा टाचा दरवर्षी येतात.

इथे थोडं थांबा. आपल्या मनात आत्ता काय चाललंय ते बघा.

माझ्या मनात अशा वेळी एकच वाक्य येतं: "कशाला त्रास घेता, राहू द्या, मी करतो." हे वाक्य सभ्य आहे. घरोघरी आपण ते म्हणतो. पण त्याच्या मुळाशी जाऊन बघितलं तर तिथे एक ताठरपणा सापडतो. दिवसभर चाललो ते माझ्या पायांवर. पाणी माझ्या बाटलीतलं, बिस्किटांचा पुडा माझा, घाम माझा. चालताना माणूस स्वतःचा स्वतःला पुरतो, आणि पुरतो याचा त्याला सुखद अभिमान असतो. थांबल्याबरोबर तो अभिमान संपतो. भिंत दुसऱ्याची, सतरंजी दुसऱ्याची, पाणी तापवणारे हात दुसऱ्याचे. चालणं माझ्या हातात होतं. थांबायला जागा मात्र कुणीतरी द्यावी लागते. हे घेणं मला चालण्यापेक्षा अवघड जातं. तुम्हालाही जात असेल तर ते अवघडलेपण दाबू नका. घमेल्यातल्या पाण्यात पाय ठेवून बसा आणि मावशीला "बरं वाटलं" एवढंच सांगा.

जेवण येतं. ज्वारीची भाकर, पिठलं, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. वाढणारी विचारत नाही, पान रिकामं दिसलं की वाढते.

सकाळ होते. आज जायचं नाही.

हे वाक्य ऐकायला सोपं आहे. बाकीचे चारलाच उठून निघून गेले. त्यांचे टाळ लांब जाईपर्यंत अंथरुणात ऐकू आले, आणि आतून कुणीतरी म्हणालं, ऊठ, मागे पडलास. त्याला उत्तर देऊ नका, पडून राहा. पोटऱ्यांवर लक्ष न्या. काल संध्याकाळी होतं त्याहून आज जास्त दुखतंय. सवय नसताना खूप चाललं की स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरतीला येतं. ताणलेल्या तंतूंची डागडुजी तेव्हा जोरात चाललेली असते. स्नायूंमध्ये साठवलेली साखर संपलेली असते, ती पुन्हा भरायला पोटभर जेवण आणि जवळजवळ अख्खा दिवस लागतो. सूज उतरायला पाय उंचावर ठेवून पडावं लागतं. यातलं एकही काम चालताना होत नाही. तुम्ही स्वस्थ पडलेले दिसता आणि आत भरपूर काम चाललेलं असतं. ते तुमच्या इच्छेवर अवलंबून नाही. तुम्ही फक्त आड येऊ नका.

अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल म्हणून सुमारे 3,500 किलोमीटरची पायवाट आहे, जॉर्जियापासून मेनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी. ती सलग चालायला निघालेली माणसं महिनोन्‌महिने डोंगरात असतात आणि अधूनमधून खालच्या गावात उतरतात. अंघोळ, कपडे धुणं, पोटभर जेवण, गादीवर झोप. त्या दिवसापुढे ती वहीत शून्य मांडतात. अंतरापुरतं ते बरोबर आहे. पण दिवस नुसत्या अंतरानं मोजावा हे मला पटत नाही. आपल्या वारीनं ते कधी मानलं नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी पुण्यात दोन दिवस राहते, सासवडला पुन्हा दोन दिवस. त्या दिवसांत पुण्यात चपला शिवून देणारे, दाढी-केस करून देणारे, पाय चेपून देणारे लोक पैसे न घेता रस्त्याकडेला बसतात. वारीच्या वाटेवर कुणाला विचारलं तर तो मुक्कामांची नावं सांगतो, किलोमीटर सांगत नाही.

महानुभावांनी तर हे फार आधी ओळखलं होतं. चक्रधर स्वामी तेराव्या शतकात या मुलखात पायी फिरले. त्यांच्यामागे त्यांच्या अनुयायांनी जे जपलं त्यात 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथ आहे. स्वामी कुठल्या गावात कुठे बसले, कुठे वसतीला राहिले, कुठे जेवले, याची त्यात गावोगावची नोंद आहे. चाललेला रस्ता पुसला जातो. त्याच्यावर दुसरे रस्ते होतात. बसलेली जागा मात्र लोकांनी लक्षात ठेवली, तिच्यावर ओटा बांधला, आणि आजही येणारा माणूस त्या ओट्यापुढे वाकतो. मला हे वाचताना नेहमी वाटतं की त्या प्रत्येक ओट्याच्या मागे एक घर असणार, ज्यानं त्या दिवशी दार उघडलं.

विनोबांचंही तेच. 1951 च्या मार्चमध्ये ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. पुढे ते तेरा वर्षं चालत राहिले, आणि त्या चालण्याची जगभर कीर्ती झाली. पण भूदान चालता चालता सुचलेलं नाही. ते 18 एप्रिलला पोचमपल्लीच्या मुक्कामात घडलं. गावातली भूमिहीन कुटुंबं येऊन बसली, त्यांनी 80 एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. त्या दिवशी विनोबा पोचमपल्लीत न थांबता पुढे गेले असते तर?

या प्रश्नाचं उत्तर शोधू नका. तो थोडा वेळ सोबत राहू द्या. आपण किती ठिकाणांवरून न थांबता पुढे गेलो, त्यातलं एखादं आठवतंय का बघा. एखादं घर, एखादा नातेवाईक, दवाखान्यातली एखादी खाट. आठवलं तर त्याच्यापाशी मनानं जरा बसा.

दुपार झाली. सपरीवर ऊन आलंय. कपडे धुऊन वाळत घातलेत. बाजारात जाऊन चपलेचा अंगठा शिवून आणा, वाटेत एक चहा घ्या, आणि परत येऊन पुन्हा आडवे व्हा. आता मला तुम्हाला एका वाघाची गोष्ट सांगायचीय. तो आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातला.

पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं अभयारण्य आहे, जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. तिथल्या टी-1 वाघिणीच्या एका बछड्याच्या गळ्यात 2019 च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर घातली. जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडाशी, तो टिपेश्वर सोडून निघाला. वयात आलेल्या नर वाघाला स्वतःचा मुलूख लागतो, आणि एवढ्या लहान जंगलात तो उरलेला नव्हता. तो पैनगंगेच्या जंगलात गेला, तेलंगणात आदिलाबादकडे उतरला, परत आला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला ओलांडून डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत 1,300 किलोमीटर. नंतरही तो त्या भागात फिरत राहिला. एकूण नऊ महिन्यांत सुमारे 3,000 किलोमीटर, भारतात नोंदल्या गेलेल्या वाघांच्या चालींत सर्वांत लांब. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं.

सगळ्यांनी त्याचं चालणं मोजलं. मी त्याच्या थांबण्याचा विचार करत राहतो. कॉलरनं त्याच्या 5,000 हून जास्त जागा नोंदवल्या. तो चालायचा मुख्यतः रात्री. मग दिवसा कुठे होता? यवतमाळपासून बुलडाण्यापर्यंत सलग जंगल नाही. मध्ये कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर आहे, गावं आहेत, महामार्ग आहेत. उजाडायच्या आत त्याला नाल्याकाठची झुडपं, एखादं उंच पीक, एखाद्या पडीक शेतातली बाभळीची दाटी शोधावी लागे, आणि तिथे संध्याकाळपर्यंत निजून राहावं लागे. आसपास माणसं वावरत असत. निंदण चाललेलं असे, फवारणी चाललेली असे, पोरं गुरं चारत असत. कितीतरी शेतकऱ्यांच्या धुऱ्यावर वाघ झोपून गेला आणि त्यांना पत्ता लागला नाही. त्या सगळ्या प्रवासात माणसाला इजा झाल्याची एक घटना सांगतात: तो जिथे विसावला होता त्या झुडपात काही लोक शिरले आणि त्यांच्यातला एक जखमी झाला. वाघ चालून गेला नव्हता. त्याच्या विसाव्याच्या जागेत माणूस पोचला होता.

डोळ्यांसमोर ती जागा आणा. दोन शेतांच्या मधला नाला, काठावर करंज आणि घाणेरीची जाळी, खाली ओल, वर माशा. मोठ्या नकाशात ती दिसणारही नाही. सरकार तिला पडीक म्हणेल. पण ती नसती तर टिपेश्वर आणि ज्ञानगंगा यांच्यात काहीच जोडलेलं राहिलं नसतं. जंगलाचे कॉरिडॉर म्हणतात ते अशा विसाव्याच्या तुकड्यांनी बनतात. अभयारण्य वाचवायला माणसं पुढे येतात, ते चांगलंच आहे. पण नाल्याकाठच्या त्या जाळीसाठी कोण भांडणार? जेसीबी लावून ती एका सकाळीत साफ होते. मला तिची फार काळजी वाटते, कारण टिपेश्वरात वाघ वाढत राहतील आणि दर वर्षी त्यातला कुणीतरी निघेलच. 2024 च्या अखेरीला आणखी एक तिथून निघून थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगच्या जंगलापर्यंत पोचला.

वॉकरच्या गळ्यातली कॉलर 2020 च्या एप्रिलमध्ये काढली. तो महिना आठवा. टाळेबंदी सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. हैदराबाद-नागपूर महामार्ग आपल्या जिल्ह्यातून पाटणबोरी, पांढरकवडा, करंजी, वडकी असा जातो, टिपेश्वरच्या शेजारूनच. त्या एप्रिल-मेमध्ये त्या रस्त्यावरून मजूर चालत होते. तेलंगणातून मध्य प्रदेशाकडे, उत्तर प्रदेशाकडे, बिहारकडे. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पायांत रबरी चपला. विदर्भाचं ऊन तेव्हा कसं असतं हे सांगायला नको. गावागावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या, भीतीपोटी. बसायला गेलं तर उठवलं जायचं. त्याच रस्त्यावर कित्येकांनी पाण्याचे ड्रम ठेवले, खिचडी शिजवली, झाडाखाली ताडपत्री टाकली, चपला वाटल्या. दोन्ही झालं. कधीकधी एकाच गावात दोन्ही झालं.

या माणसांकडे मनानं बघा, पण लांबून नको. त्यांच्यातल्या एका बाईच्या शेजारून चार पावलं चाला. ती देवाला निघालेली नाही. तिनं ही वाट निवडलेली नाही. टाचेचा फोड मात्र तुमच्या टाचेसारखाच आहे, तसाच पाण्यानं भरलेला. तिला गंजातलं गरम पाणी कुठे मिळालं असेल का? कुणाची सपरी? मला हा प्रश्न टाळता येत नाही आणि तुम्हीही टाळू नये असं वाटतं. माहूरच्या वाटेवर निघालेल्याला दार उघडतं कारण तो माहूरला चाललाय. त्याच दारावर न सांगता, कुठल्याही देवाचं नाव न घेता आलेला दमलेला माणूस बसला तर?

उत्तर तोंडावर आलं असेल तर ते तपासून घ्या. घाईत आलेलं चांगलं उत्तर मला तरी खरं वाटत नाही.

संध्याकाळ. आर्णीत बाबा कंबलपोष यांचा दर्गा आहे. त्यांच्या उरुसाला इथे मोठी यात्रा भरते आणि तिच्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात. आज यात्रा नाही, दर्गा शांत आहे. हळूहळू चालत तिथवर जाऊन या. टाच आता जमिनीला पूर्ण टेकते का बघा. टेकते. कालपेक्षा बरी आहे.

परतल्यावर मावशी भाकरी थापताना बोलत बसते. दत्त महाराज सकाळी काशीला अंघोळ करतात, दुपारी कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि झोपायला माहूरला येतात, हे तिनं लहानपणापासून ऐकलंय. माहूरला महानुभावांचं देवदेवेश्वर आहे, ते दत्तात्रेय प्रभूंचं निद्रास्थान मानतात. "म्हणून त गडावर जाऊन धिंगाणा नाही करा लागत," ती म्हणते, "देव थकून आलेला असते." हे ऐकताना मला कायम वाटतं, यात्रेला आपण देवाच्या जागरणासाठी जात नाही. एका दिवसभर चाललेल्याच्या विसाव्यापाशी जातो. तिथे मागण्यांची यादी उलगडायला मन होत नाही. मावशीच्या वाक्यावर मनन करायचं तर एवढंच करा: थकून निजलेल्या कुणाच्या तरी उशाशी आपण कसे वावरतो, ते आठवा. पाऊल कसं पडतं, भांडं कसं ठेवतो, दार कसं ओढून घेतो. तेच वागणं उद्या वाटेवर ठेवता येईल का बघा.

पहाटे निघायचं. सतरंजी घडी करून भिंतीशी ठेवा. पैसे काढले तर मावशीला वाईट वाटेल. वाकून नमस्कार करा. ती डोक्यावर हात ठेवते आणि दुपट्ट्यात दोन भाकरी बांधून देते. "येताना इकडूनच या," म्हणते. हो म्हणा, आणि तसे या.

लोणबेहळ, कोसदनी, मग घाट. घाटात साग आहे, पानं अजून गळाली नाहीत, सकाळी त्यांच्यावरून दव टपकतं. पाय हलके पडताहेत. मनाची वजाबाकी सुरू झालीये, होऊ द्या, पण आज ती तितकी जोर करत नाही. दुपारच्या आत धनोडा येतो. खाली पैनगंगा, पलीकडे नांदेड जिल्हा, आणि गड तिथून दोन-अडीच तासांच्या चालीवर. पुलाच्या अलीकडे एकानं चालणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ आणि चहाची शेगडी मांडलीये. तो किती चाललात ते विचारत नाही.

"मुक्काम कुठी केला?"

"आर्णीला. दोन रात्री."

"दोन? बरं केलं. बाकीचे त पाय ओढत गेले." तो बाजेवरची पोती बाजूला सारतो. "बसा भाऊ. गड कुठी पळून नाही चालला."

तुम्ही बसता. पिशवी त्याच्या हातात देता, आणि तो चहा पुढे करतो तेव्हा कशाला त्रास, असं म्हणत नाही.